दुहेरी अल्बम आणि श्रोत्यांचा अभिप्राय : ‘एव्हरीडे लाइफ’च्या निमित्ताने

नवी मुंबईत नेरूळ येथील डी. वाय. पाटील क्रीडांगणावर कोल्डप्ले ह्या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम १८, १९ व २१ जानेवारी २०२५ रोजी झाले. ‘यलो’, ‘फिक्स यू’ ह्यांसारखी गाणी हजारो श्रोत्यांनी बँडच्या बरोबरीने म्हटली. ज्या बँडची गाणी इतक्या लोकांच्या ओठी आहेत, त्याच बँडचा ‘एव्हरीडे लाइफ’ हा २०१९ सालचा दुहेरी अल्बम मात्र श्रोत्यांत प्रथमपासून मतभेदाचा विषय ठरला आहे. ऑल्टरनेटिव्ह रॉक ह्या प्रवाहातील दुहेरी अल्बमांविषयी श्रोते कसा निर्णय करतात, हे समजून घेण्यास हे उदाहरण उपयुक्त आहे.

दुहेरी अल्बम हे मुळात तबकडीच्या मर्यादेतून जन्मलेले रूप होय. १९४८ मध्ये प्रचारात आलेल्या दीर्घ तबकडीच्या एका बाजूस साधारणतः वीस ते पंचवीस मिनिटांचे संगीत मावे. त्याहून अधिक सांगावयाचे असल्यास दुसरी तबकडी जोडणे प्राप्त होते. बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ २२ नोव्हेंबर १९६८ रोजी प्रसिद्ध झाला. त्यातील तीस गाण्यांपैकी बरीचशी ऋषिकेशच्या मुक्कामात रचलेली होती. त्याचे निर्माते जॉर्ज मार्टिन ह्यांचे मत असे की, निवड करून एकच उत्तम तबकडी काढावयास हवी होती. पुढे स्मॅशिंग पम्प्किन्स ह्या अमेरिकन बँडने १९९५ मध्ये ‘मेलन कॉली अँड दि इन्फिनिट सॅडनेस’ हा अठ्ठावीस गाण्यांचा, दोन तासांहून मोठा अल्बम काढला, तेव्हाही हाच आक्षेप निघाला. ‘निम्मी गाणी वगळली असती तर’ हे वाक्य दुहेरी अल्बमाच्या चर्चेत जणू नांदीसारखे येते. परंतु कोणती निम्मी वगळावी ह्यावर दोन श्रोत्यांचे सहसा एकमत होत नाही, ही गोष्ट आक्षेप घेणारे विसरतात.

‘एव्हरीडे लाइफ’ला हा आक्षेप लावून पाहिला असता तो टिकत नाही. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या ह्या अल्बमात ‘सनराइज’ व ‘सनसेट’ असे आठ-आठ रचनांचे दोन भाग असून दोन्ही मिळून कालावधी सुमारे त्रेपन्न मिनिटांचा आहे. एवढे संगीत एका सीडीत सहज मावते. म्हणजे येथे दुहेरीपणा लांबीमुळे आलेला नाही. तो अर्थासाठी स्वीकारलेला आहे. तरीही प्रतिकूल मत देणाऱ्यांनी बहुधा ‘विस्कळीत’, ‘अपुरे’ असेच शब्द वापरले. ‘डब्ल्यूओटीडब्ल्यू / पीओटीपी’ ही जेमतेम सव्वा मिनिटाची रचना मुद्दाम कच्च्या ध्वनिमुद्रणासारखी ठेवलेली आहे. ती काहींना उणीव वाटली, तर काहींना तीच ह्या बँडच्या घोटीव निर्मितीतील दुर्मीळ मोकळीक वाटली. अनुकूल मत असणाऱ्यांनी लागोसचे योरुबा नाव धारण करणारे ‘एको’ आणि फेमी कुटी ह्यांचे सॅक्सोफोनवादन असलेले ‘अरबेस्क’ ह्या रचनांत बँडचे धाडस पाहिले. पुढे ग्रॅमी पुरस्कारांत वर्षातील उत्तम अल्बमासाठीही त्याचे नामांकन झाले.

तेव्हा खरा प्रश्न वेगळा आहे : सूर्योदय व सूर्यास्त हा भेद ऐकू येतो काय? मराठी श्रोत्यास हा प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे, कारण वेळेचा विचार त्याच्या संगीतात स्वरांतच रुजलेला आहे. पं. भातखंडे ह्यांनी मांडलेल्या व्यवस्थेत पहाट व सायंकाळ ह्या दोन्ही संधिकाळांच्या रागांत कोमल ऋषभ येतो. भैरव व पूर्वी ह्या दोन थाटांत भेद आहे तो केवळ मध्यमाचा. शुद्ध मध्यम असता पहाट, तीव्र असता सांज. एका स्वराने प्रहर पालटतो. ‘एव्हरीडे लाइफ’मध्ये असा अंतर्गत संकेत नाही. पूर्वार्ध ‘व्हेन आय नीड अ फ्रेंड’ ह्या समूहगायनाने, प्रार्थनेच्या शांततेत मिटतो, आणि उत्तरार्ध ‘गन्स’ ह्या चिडलेल्या, वेगवान गाण्याने उघडतो. सूर्यास्ताची अपेक्षा धरून बसलेल्या श्रोत्यास हा उलटा क्रम वाटल्यास त्याचा दोष नाही. अम्मान येथे प्रकाशनाच्या दिवशी बँडने हे दोन भाग प्रत्यक्ष सूर्योदयास व सूर्यास्तास सादर केले होते. तेथे आकाशाने जे सांगितले ते ध्वनिमुद्रणात केवळ शीर्षकावर सोपविले आहे. ह्या अल्बमावरील सर्वांत सबळ आक्षेप हाच म्हणावा लागेल.

आणखी एक गोष्ट विशेषतः ह्या प्रदेशातील श्रोत्याच्या बाबतीत नोंदविण्यासारखी आहे. ‘चर्च’ ह्या गाण्यात अमजद साबरी ह्यांच्या कव्वालीगायनाचा अंश योजिला आहे. २०१६ मध्ये कराचीत त्यांची हत्या झाली. पाश्चात्त्य श्रोत्यास हा स्वर दूरदेशीच्या रंगासारखा वाटतो. साबरी घराण्याची कव्वाली ऐकत आलेल्या मुंबईकरास तो ओळखीचा स्वर आहे. म्हणूनच त्याची तक्रार निराळी असू शकते. हा स्वर येथे का आला, असे तो विचारणार नाही; इतक्या थोडक्यात का आटोपला, असे विचारील. एकच अंश एकास पाहुणा वाटावा आणि दुसऱ्यास घरचा माणूस उंबऱ्यावरून परत गेल्यासारखा वाटावा, हे मतभेदाचे कारण श्रवणसंस्कारात आहे, अल्बमाच्या लांबीत नाही.

ह्या अल्बमासाठी बँडने मोठा दौरा काढलाच नाही. कार्यक्रमांचा पर्यावरणावर होणारा भार कमी करण्याचा मार्ग सापडेपर्यंत थांबण्याचे त्याने २०१९ मध्ये जाहीर केले होते. नेरूळला जो दौरा आला तो पुढील, ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ ह्या अल्बमाच्या नावाचा होता. परिणामी बहुसंख्य श्रोत्यांची ‘एव्हरीडे लाइफ’शी गाठ पडते ती मोबाइलवर, आणि तीही बहुधा सुट्या गाण्यांतून. तबकडीची बाजू उलटताना श्रोत्यास जी उसंत मिळे, ती तेथे नाही. आठवी रचना संपताच नववी सुरू होते, किंवा क्रमच विस्कटून तिसरीच एखादी. २०२१ च्या नोव्हेंबरात गायिका अ‍ॅडेल ह्यांच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमाच्या पानावरील मुख्य कळीतून हा विस्कटलेला क्रम काढून टाकला. तेव्हापासून ‘सनराइज’ आधी आणि ‘सनसेट’ नंतर, एवढे तरी त्या कळीने वाजते.