जनरेटर वारंवार बंद पडतो? आधी तेल पाहा, मग सेन्सर

बंगळुरूजवळ हेसरघट्टा येथे १९६७ पासून भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था कार्यरत आहे. त्याच परिसरातील देवनहळ्ळी व दोड्डबळ्ळापूर तालुक्यांत द्राक्षे, भाजीपाला आणि हरितगृहातील फुले घेतली जातात. वीज खंडित झाली, की अशा बागांतील लहान पंप व फॉगर पेट्रोलवरील सुवाह्य जनरेटरवर चालविता येतात. ऐन उन्हात हा जनरेटर बंद पडल्यास हरितगृहातील तापमान झपाट्याने वाढते. पुष्कळदा दोष सेन्सरला दिला जातो. प्रत्यक्षात तो सेन्सर आपले काम चोख बजावत असतो.

अनेक लहान इंजिनांच्या क्रँककेसमध्ये तेलपातळी दर्शविणारा तरंगता स्विच असतो. वंगण तेल कमी झाले, की तो प्रज्वलनाचा प्रवाह इंजिनच्या धातूच्या अंगाकडे वळवितो. परिणामी स्पार्क प्लगची ठिणगी बंद होते व इंजिन थांबते. पेट्रोल भरपूर असूनही इंजिन सुरू न होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

तपासणी पुढील क्रमाने करावी.

१. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. जनरेटर सपाट जागी ठेवावा. उतारावर तेल एका बाजूस सरकते आणि पातळी पुरेशी असूनही स्विच इंजिन बंद करतो.

२. डिपस्टिकने तेल पाहावे. कमी असल्यास शिफारशीत प्रतीचे तेल खुणेपर्यंत भरावे. काळे, गाळयुक्त तेल बदलावे, कारण गाळामुळे तरंगता भाग अडकतो.

३. सेन्सरची तार पाहावी. आवरण घासून तार इंजिनला टेकत असल्यास तेल कमी असल्यासारखाच परिणाम होतो.

४. पातळी योग्य असल्याची खात्री झाल्यावरच सेन्सरची तार तात्पुरती सोडून इंजिन सुरू करून पाहावे. सुरू झाल्यास दोष सेन्सरमध्ये किंवा तारेत आहे. मग इंजिन बंद करून मल्टिमीटर लावावा. तेल पुरेसे असताना सेन्सरची तार व इंजिनचे अंग यांत जोड दिसता कामा नये. दिसल्यास सेन्सर बदलावा. काही मॉडेलांची जोडणी वेगळी असल्याने माहितीपुस्तिका पाहावी.

तार कायमची तोडून काम भागविणे मात्र महागात पडते. तेलाविना पिस्टन व बेअरिंग घासून इंजिन जाम होते. सेन्सरची किंमत इंजिनच्या दुरुस्तीपुढे नगण्य आहे.

चाचणीसाठीही जनरेटर बंद खोलीत किंवा हरितगृहात चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो प्राणघातक ठरू शकतो.