मय्यतीची साक्ष

चिखलदऱ्याच्या गारव्यात आणि खाली परतवाड्याच्या उन्हात मृतदेह सारख्या वेगाने कुजत नाही. उष्णतेत माश्यांच्या अळ्या झपाट्याने वाढतात, थंडीत हळू. त्यावरून मृत्यूची वेळ काढतात.

१९७७ साली अमेरिकेत डॉ. विल्यम बास यांनी एका प्रेताचा मृत्यू वर्षभरातला मानला. ते निघाले १८६४ सालच्या सैनिकाचे! ही चूक मनाला लागली आणि १९८१ पासून त्यांनी टेनेसीत दान मिळालेल्या देहांवर अभ्यास सुरू केला.

आपल्याकडे दफन लवकर व्हावे अशी ताकीद आहे. शवविच्छेदनासाठी थांबणे घरच्यांना जड जाते. पण मृत्यू संशयास्पद असेल, तर साक्ष कबरीत जाऊन निरपराध अडकू शकतो. आम्हाला वाटते, अशा वेळी थोडा सब्र हाही मय्यतीचा हक्कच आहे.