‘ताई, कुणाला सांगू नकोस हं!’

लहान मुलांशी मस्त जमतं, म्हणून चाइल्ड थेरपिस्ट व्हायचंय? एक मिनिट, आधी हे वाचा.

चिंचोटी म्हटलं की आपल्याला आठवतो पाऊस, धबधबा आणि ऑफिसचा ग्रुप. माझी एक मैत्रीण मात्र तिथेच राहते. सकाळी नायगावहून लोकल, दिवसभर एचआरची नोकरी. सायकॉलॉजीत एम.ए. झालेलं, त्यात दोन रविवारांचं चाइल्ड काउन्सेलिंगचं सर्टिफिकेट. झालं! शेजारच्या काकूंनी नऊ वर्षांची नात पाठवली. ‘हल्ली बोलतच नाही गं, तू बघ जरा.’

तिसऱ्या दिवशी चित्र रंगवताना पोरगी बोलली, ‘मला ट्यूशनला नाही जायचं. ताई, कुणाला सांगू नकोस हं!’ मैत्रीण पटकन ‘प्रॉमिस’ म्हणून बसली आणि रात्रभर जागी राहिली. आता पुढे काय विचारायचं? आईला सांगायचं की नाही?

खरं ट्रेनिंग असतं ते याचसाठी. असं प्रॉमिस द्यायचंच नसतं. ‘तू सेफ नाहीस असं वाटलं, तर मला मोठ्यांना सांगावं लागेल’, हे पहिल्याच भेटीत मुलाला समजेल असं सांगायचं. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

दुसरा धडा खेळाचा. मेलनी क्लाइन यांनी १९२०च्या दशकात खेळण्यांतून मुलांचं मन जाणायला सुरुवात केली. व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांचं ‘प्ले थेरपी’ १९४७चं. आपल्या मुंबईत तर आजच्या ‘टिस’ने १९३७मध्येच चाइल्ड गाइडन्स क्लिनिक काढलं होतं! टीनएजर्सचं गणित वेगळं. त्यांना बहुतेकदा आईबाबाच ओढून आणतात, त्यामुळे दोघांचाही विश्वास सांभाळावा लागतो. हे पुस्तकात वाचून येत नाही. सीनियरच्या देखरेखीखाली, केस बाय केस शिकावं लागतं.

मैत्रिणीने सीनियरला गाठलं. पण त्याआधी त्या मुलीला सांगितलं, ‘प्रॉमिस मोडतेय, सॉरी.’ ट्यूशनमध्ये वाचताना अडखळली की सगळे हसायचे, एवढंच निघालं. पण ते ‘एवढंच’ आहे, हे ओळखायलाही शिक्षण लागतं. मैत्रीण आता त्याच तयारीला लागलीय.

फी भरण्याआधी विचारा:
* प्रत्यक्ष केसेस मिळणार का? किती तास?
* त्यावर सुपरव्हिजन कोण देणार?
* ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ व्हायचंय? मग कोर्स आरसीआयमान्य आहे का?