मोक्षपट
मोक्षपट : कवड्या व प्रत्येकी एक सोंगटी घेऊन खेळावयाचा एक पारंपरिक भारतीय बैठा खेळ. महाराष्ट्रीय परंपरा त्याचे जनकत्व संत ज्ञानेश्वरांना (१२७५–९६) देते. त्यांनी ज्ञानेश्वरी जेथे सांगितली (१२९०), ते नेवासे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात आहे. पटावरील घरांना सद्‌गुण-दुर्गुणांची नावे असतात. शिडीने सोंगटी वर चढते, सापाच्या मुखातून खाली घसरते. अखेरचे घर मोक्षाचे. सोंगटीला स्वतःचे सामर्थ्य मुळीच नसते. वर पोहोचलेल्या सोंगटीलाही नवख्या सोंगटीप्रमाणेच साप गिळतो.

याउलट गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या अमेरिकन अद्‌भुतरम्य भूमिकाखेळात पात्र अनुभवगुणांनी वरची पातळी गाठते व पूर्वी प्राणघातक ठरले असते असे घाव सोसू लागते. ‘रूनक्वेस्ट’ने (१९७८) वास्तवतेसाठी कौशल्यनिहाय प्रगती व अवयवनिहाय जखमा यांची योजना केली, त्यात निष्णात वीरही एका घावाने मरू शकतो. पतनाचे हे भय मोक्षपटात मूळचेच आहे. तथापि त्यात सद्‌गुणाचे घर कवड्यांच्या दानाने लाभते, निवडीने नव्हे. सदाचार शिकविणाऱ्या खेळाची ही मोठीच मर्यादा होय.