दीड टनाला एक लिटर

2022 पर्यंत युरोपात फोर्ड माँडेओ ही सगळ्या कुटुंबाला सामानसुमानासकट ऐसपैस नेणारी गाडी होती. लांबी जवळपास पाच मीटर, वजन दीड टनाच्या आसपास. 2015च्या सुमारास फोर्डने या धुडाच्या बॉनेटखाली तीन सिलिंडरचं, 999 सीसीचं पेट्रोल इंजिन बसवलं. आपल्या मारुती 800चं इंजिन 796 सीसीचं होतं, म्हणजे फरक जेमतेम दोनशे सीसींचा! माँडेओतल्या या इंजिनाचा ब्लॉक ए-फोर आकाराच्या कागदावर मावतो, हे फोर्डवाले कौतुकाने सांगत.

खंडाळ्याच्या चढणीला एसी बंद करायची सवय ज्यांच्या अंगात मुरली आहे, ते लगेच विचारणार, फुल लोडवर हे इंजिन गाडी ओढेल का?

थोडी आकडेमोड करू. सपाट रस्त्यावर ताशी 100 किलोमीटरने जाताना अशा गाडीला हवेचा आणि टायरांचा विरोध तेवढा मोडायचा असतो. त्याला लागते फक्त 16-17 अश्वशक्ती. एसी धरला तरी विसाच्या आसपास. आता माणसं आणि बॅगा भरून गाडी दोन टनांची झाली आणि शंभर मीटरला सहा मीटर चढणारा घाट ताशी 60ने चढायचा आहे असं समजा. तरी हिशेब पस्तिशीच्या आतबाहेरच राहतो. माँडेओतलं हे इंजिन देतं 125.

मग मोठी इंजिनं बसवत का? ओव्हरटेक करतानाच्या त्या चार-सहा सेकंदांसाठी. एरवी ती बहुतेक वेळ रिकामीच असतात, आणि पेट्रोल इंजिनाचं रिकामपण फुकट नसतं. कमी ताकद हवी असली की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते आणि पिस्टनला अपुऱ्या वाटेने हवा ओढावी लागते. सुई नसलेल्या सिरिंजच्या तोंडावर बोट दाबून दट्ट्या मागे ओढून पाहा, हाताला जो ताण जाणवतो तोच हा. मोठ्या इंजिनात चार-सहा पिस्टन मिनिटाला हजारो वेळा ही ओढाताण करतात आणि ती पेट्रोलच्या पैशाने चालते. लहान इंजिनाला तेवढ्याच कामासाठी झडप जास्त उघडावी लागते, त्यामुळे ही उधळपट्टी घटते. घासणारे भागही कमी.

राहिली ओव्हरटेकची गोष्ट. ती टर्बोच्या गळ्यात. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली पेटंट घेतलेली ही युक्ती आहे. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या गरम वायूंवर एक चक्र फिरवायचं आणि त्याच्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात कोंबायची. फोर्डच्या या इंजिनातलं इवलंसं चक्र मिनिटाला 2,48,000 फेऱ्यांपर्यंत जातं. सेकंदाला चार हजारांहून जास्त! त्यामुळे 170 न्यूटन-मीटरचा टॉर्क 1400 आरपीएमलाच हाती येतो, इंजिन किंचाळवावं लागत नाही. दाबलेली हवा तापते आणि नॉकिंगचा धोका वाढतो, म्हणून पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात. तिथे त्याची वाफ होताना हवा थंड होते.

मला सगळ्यात भावलेली करामत मात्र वेगळीच. तीन सिलिंडरचं इंजिन चालताना दोन्ही टोकांना आळीपाळीने वरखाली झुलतं. नेहमीचा उपाय म्हणजे तोल साधणारा जादा दांडा, पण त्याने वजन वाढतं आणि घर्षणही. फोर्डच्या इंजिनिअरांनी फ्लायव्हील आणि पुढची पुली मुद्दाम थोडी बेतोल केली. झुलणं थांबलं नाही, पण त्याची दिशा बदलली, आणि त्या दिशेचे हादरे इंजिनाचे माउंट पचवू शकतात. बिघाडाला बिघाडानेच उत्तर!

हे सगळं केवळ हौसेपोटी झालं नाही. युरोपीय संघाने 2015 साठी नव्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडला किलोमीटरमागे 130 ग्रॅमची मर्यादा घातली होती. ते मोजायची प्रयोगशाळेतली चाचणी जेमतेम वीस मिनिटांची आणि फार मवाळ, त्यामुळे तिच्यात छोटं टर्बो इंजिन आपल्या शहाण्यासारख्या रूपातच राहायचं. खऱ्या रस्त्यावर पाय दाबला की टर्बो जागा होतो, एक्झॉस्ट तापतो आणि तो जळू नये म्हणून कॉम्प्युटर चक्क जास्तीचं पेट्रोल सोडतो. पेट्रोलने थंडावा! एव्हरेज मग गडगडणारच. 2017 पासून युरोपात कडक चाचणी आली. त्याच काळात फोक्सवॅगनचं 1.4 लिटरचं इंजिन 1.5 झालं. माझदा तर या वाटेला फारशी गेलीच नाही, तिने टर्बोऐवजी कॉम्प्रेशन वाढवलं. फोर्डच्या इंजिनातला तेलात बुडून चालणारा टायमिंग बेल्टही वादाचा ठरला आणि पुढच्या आवृत्तीत कॅमशाफ्टसाठी साखळी आली.

आपल्याकडे हाच पेच चाकणला तयार होणाऱ्या स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस घेणाऱ्यांपुढे असतो. 1.0 लिटर तीन सिलिंडरचं, 115 अश्वशक्तीचं इंजिन घ्यावं की 1.5 लिटरचं? हे दुसरं इंजिन तर गरज नसताना आपले चारपैकी दोन सिलिंडर झोपवतं. माझं मत विचाराल तर शहरात फिरणाऱ्या आणि सुट्टीत गावी जाणाऱ्या घराला लहान इंजिन पुरून उरतं. कायम भरलेली गाडी भरधाव हाकणाऱ्याने मात्र मोठंच घ्यावं, त्यालाच ते स्वस्त पडेल.

आणि टेस्ट ड्राइव्हला एकटं जाऊ नका. घरची मंडळी बसवा, एसी लावा आणि चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये 1400 आरपीएमच्या खाली येऊ द्या. तिथे टर्बो अजून पेंगत असतो आणि इंजिन खरोखर एक लिटरचंच असतं. तिथून ती कशी उचलते, ते बघून मग चेकबुक काढा.