कॉइल बदलली, आता हा आवाज कसला?

चाकणच्या कारखान्यात तयार होणारी पल्सर घ्या, नाहीतर दुसरी कुठलीही मोटरसायकल. इंजिनाच्या एका अंगाला, बहुतेक गाड्यांत डावीकडे, जे गोल कव्हर दिसतं, त्यामागे एक अख्खं वीजनिर्मिती केंद्र बसलेलं असतं. तांब्याच्या तारेची वेटोळी असलेला स्टेटर, म्हणजे आपल्या मेकॅनिकच्या भाषेत ‘कॉइल’, जागेवर स्थिर. क्रँकशाफ्टच्या टोकावरचं मॅग्नेट तिच्याभोवती गरगरत असतं. दोघांमधली फट जेमतेम मिलिमीटरभर, कधी त्याहून कमी. तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत वीज उभी राहते, हे मायकेल फॅरेडेनं १८३१ साली दाखवलं. निगडीहून पहाटेच्या शिफ्टला चाकणकडे निघालेल्या गाडीचा हेडलाइट आजही त्याच तत्त्वावर पेटतो.

या छोट्या केंद्रावरचा भारही वाढत गेला आहे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही चालू असतो. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्याचा पंपही विजेवरच चालतो. शिवाय बऱ्याच गाड्यांचा रेग्युलेटर जादा वीज शॉर्ट करून जिरवतो, म्हणजे विजेची गरज कमी असली तरी कॉइल तापतच राहते. वर्षानुवर्षं तापून तारेवरचं वार्निश जळतं, वेटोळी काळी पडतात आणि बॅटरी चार्ज होईनाशी होते.

मग नवी कॉइल बसते, चार्जिंग सुरू होतं आणि कधी कधी त्याच दिवशी इंजिनातून आधी नसलेला आवाज येऊ लागतो. लोक घाबरतात, कोणी टायमिंग चेन बदलायला सांगतं, कोणी थेट इंजिन खोलायला. पण इंजिन हे अतिशय हिशेबी यंत्र आहे. त्यातला प्रत्येक भाग ठरलेल्या गतीनं फिरतो, त्यामुळे आवाज कुठून येतो याचा पत्ता त्या आवाजातच असतो.

आयडलिंगला क्रँकशाफ्ट मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २३. मॅग्नेट तिच्यावरच बसलेलं, म्हणून मॅग्नेटशी काही एका जागी अडत असेल तर सेकंदाला २३ ठोके पडतात. कॅमशाफ्ट मात्र बरोबर निम्म्या गतीनं फिरते. टॅपेट तिच्यावर चालतात, म्हणून त्यांची टकटक सेकंदाला बारा-एकच. कानाला २३ ठोके मोजता येत नाहीत, पण संथ ‘टक-टक’ आणि दाट ‘खरखर’ यांतला फरक त्याला लगेच कळतो. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांचं हे दोनास एक गणित प्रत्येक फोर-स्ट्रोक इंजिनात सारखंच असतं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आता जागा शोधायची. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कव्हरच्या बोल्टजवळ टेकवायचं आणि मूठ कानापुढच्या हाडाला. फिरत्या चेनपासून हात आणि बाही दूर. धातूतून कंपनं थेट कवटीत येतात आणि बाहेरच्या गोंगाटातून हवा तो आवाज वेगळा निघतो. सिलिंडरच्या हेडवर टेकवलं तर टॅपेट ऐकू येतात, मॅग्नेट कव्हरवर टेकवलं तर आतली खरखर.

तिसरी परीक्षा मला सगळ्यांत सुंदर वाटते. इंजिन बंद करून कॉइलचा रेग्युलेटरकडे जाणारा कपलर काढा, सुटी टोकं कशाला लागणार नाहीत असं बघा आणि गाडी क्षणभरच बॅटरीवर चालवा. आवाज गेला, तर तो विजेचा होता. कोपऱ्यावरच्या डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरचा जो गुंजारव ऐकू येतो, त्याच जातीचा: बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं लोखंडाच्या पातळ पत्र्या थरथरतात. एखादं वेटोळं शॉर्ट असेल तर तो वाढतो. कपलर काढूनही आवाज तसाच राहिला, तर बहुधा काहीतरी खरोखर घासतंय किंवा हलतंय.

मग संशयितांची यादी छोटी उरते. कॉइलचे बोल्ट ढिले राहिले, किंवा तिची वायर क्लिपमधून निसटून मॅग्नेटला लागली: मॅग्नेटच्या आतल्या कडेवर चकचकीत पट्टा दिसतो. कव्हरचे डॉवेल किंवा सेल्फच्या गिअरचा वॉशर बसवायचा राहिला, जुनं पॅकिंग काढून वेगळ्या जाडीचं लावलं: गिअर किणकिणतो. मॅग्नेट काढलं असेल, तर त्याची चावी किंवा नट नीट बसला नसण्याची शक्यता असते. सुटा स्क्रू मॅग्नेटनं आत ओढून घेतलेला असतो, तोही बघावा. आणि बऱ्याचदा कारण फारच साधं असतं: कव्हर उघडताना ऑइल सांडलं आणि पुन्हा भरलंच नाही. तेव्हा टॅपेट वाजतात आणि दोष कॉइलला मिळतो. म्हणून सुरुवात ऑइलच्या पातळीपासून करावी.

  

तेव्हा कॉइल बदलल्यावर आवाज आला, तर आधी ऑइल बघा, गती ओळखा, जागा शोधा, कपलर काढून पाहा. धातूवर धातू घासल्याची कर्कश खरखर असेल, तर मात्र गाडी घरापर्यंतही चालवत नेऊ नका. जिथे असाल तिथेच इंजिन बंद करा. नव्या कॉइलची तार सोलून निघायला थोडंसं अंतर पुरतं.