ट्रॅक्टरचे टायर बदलतांना

ट्रॅक्टर घेतांना आपला शेतकरी जितकी चौकशी करतो, तितकी त्याचे टायर बदलतांना करीत नाहीं, ही गोष्ट आमच्या पाहण्यांत वारंवार आली आहे. ट्रॅक्टर घ्यावयाचा म्हटला कीं चार गांवीं विचारपूस होते, भावकींत मसलत होते, बँकेचे हेलपाटे होतात. पुढें कांहीं वर्षांनीं मागील चाकांची नक्षी झिजली, म्हणजे मात्र दुकानांत जाऊन "याच मापाचे द्या, आणि स्वस्तांतले द्या" एवढ्यावर व्यवहार आटोपतो. वास्तविक इंजिनाची सारी ताकद जमिनीस जाऊन मिळते ती टायर जेथें भुईस टेंकतो तेवढ्या हात-दीड हात जागेंतून. तेथें निवड चुकली तर डिझेल फुकट जळतें, जमीन दाबली जाते, आणि प्रसंगीं माणूसही दगावतो. यास्तव या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नवें अवजार आधीं शंकेनें पाहावें आणि त्याचा गुण पटला कीं घट्ट धरावें, ही आपल्या भागाची जुनी रीत आहे. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील ओसाड माळावर कारखाना उभारला. तीच आजची सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी. त्या काळीं लोखंडी नांगरानें जमीन नासेल अशी शंका बाळगणारे शेतकरी पुष्कळ होते. पुढें त्याच नांगरानें कृष्णाकांठची काळी जमीन खोल उलथली. चाकाचेंही तसेंच झालें. लांकडी चाकावर लोहारानें तापवून चढविलेली लोखंडी धाव गेली आणि 'डनलॉपची गाडी' आली. डनलॉप यांनीं हवेचा टायर १८८८ सालीं काढला तो सायकलीसाठीं. ट्रॅक्टर मात्र त्यानंतरही बरींच वर्षें लोखंडी चाकांवरच चालत होता. अमेरिकेंतील ॲलिस-चामर्स कंपनीनें १९३२ सालीं हवेच्या टायरांचा ट्रॅक्टर पुढें आणला, तेव्हां रबर नांगराचा ताण सोसील काय, अशी शंका तिकडील शेतकऱ्यांनींही घेतली होती. आज ती शंका कोणास उरली नाहीं. प्रश्न आहे तो कोणता टायर घ्यावा एवढाच.

टायरचा उतारा वाचावा

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीवर गेली. सात-बाराचा उतारा न वाचतां जमीन घेणारा मनुष्य जसा पुढें कचेरीच्या पायऱ्या झिजवितो, तसाच टायरच्या कुशीवरील अक्षरें न वाचतां टायर घेणारा पस्तावतो. हीं अक्षरें इंग्रजींत असलीं तरी समजण्यास कठीण नाहींत.

पहिली नोंद मापाची. मागील टायरवर १३.६-२८ असें छापलें असेल, तर पहिला आंकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो आणि दुसरा आंकडा ज्या लोखंडी रिमवर तो बसावयाचा तिचा व्यास इंचांत सांगतो. आपल्याकडील मध्यम ट्रॅक्टरांस १२.४-२८, १३.६-२८ किंवा १४.९-२८ हीं मापें बहुधा येतात. पुढील चाकांस ६.००-१६ किंवा ७.५०-१६ अशीं येतात. रिम तीच ठेवून अधिक रुंद टायर चढविण्याचा मोह पुष्कळांस होतो. रिम अरुंद असली तर रुंद टायरच्या कडा आंत ओढल्या जाऊन त्याची पाठ फुगते. मग तो मध्यभागीं लवकर झिजतो आणि जमिनीवर पुरता टेंकत नाहीं. रिमची रुंदी त्या मापास चालते कीं नाहीं हें पाहिल्यावांचून माप बदलूं नये.

दुसरी नोंद 'पी. आर.' या अक्षरांपुढील आंकड्याची. पूर्वीं टायरमध्यें सुती कापडाचे जितके थर असत तितका हा आंकडा असे. आतां धागा नायलॉनचा झाला असल्यानें प्रत्यक्ष थर तितके नसतात. आंकडा केवळ ताकद दाखवितो. ८ पेक्षां १२ चा टायर अधिक ओझें व अधिक हवा सोसतो. परंतु ज्यास केवळ कुळव व पेरणी करावयाची आहे त्यानें अवजड टायरास पैसे घालण्यांत हंशील नाहीं.

तिसरी नोंद जन्मतारखेची. लंबगोल चौकटींतील चार आंकड्यांपैकीं पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवितात. १४२५ असें असेल तर तो टायर २०२५ सालच्या चौदाव्या आठवड्यांत तयार झाला. रबर हें पडून राहिलें तरी म्हातारें होतें. उन्हांत ठेवलेला जुना माल वरून काळाभोर दिसला तरी त्याच्या कुशीस बारीक चिरा पडलेल्या असतात. नव्या मालाच्या किमतींत असा टायर कदापि घेऊं नये.

नक्षी व जमीन

चौथी नोंद नक्षीची, आणि हीच मुख्य होय. मागील टायरवर आर-१ असें असेल तर ती सर्वसाधारण शेतीची नक्षी. आर-२ ची नक्षी तिच्या जवळजवळ दुप्पट खोल असते. ती भाताच्या चिखलासाठीं व पाण्यानें भरलेल्या उसाच्या रानासाठीं काढलेली आहे. आर-४ ची नक्षी उथळ व रुंद, मुख्यत्वें बांधकामाच्या यंत्रांसाठीं असते.

येथें आपल्या दोन जिल्ह्यांची जमीन ध्यानांत घेतली पाहिजे. पाटण, जावळी व शिराळा या बाजूस पाऊस भरपूर व भाताचीं खाचरें पुष्कळ. वाळवा, पलूस, मिरज व कराड या भागांत कृष्णेची खोल काळी जमीन. ती ओली झाली कीं चाकास लोण्यासारखी चिकटते आणि वाळली कीं भेगाळते. माण, खटाव, आटपाडी व जत येथें पाऊस थोडा, जमीन हलकी व मुरमाड. एकच टायर या सर्वांस उत्तम, असें सांगणारा दुकानदार माल खपविण्यासाठींच बोलत असतो.

जो ट्रॅक्टर मुख्यत्वें खाचरांत चिखलणी करतो त्यास खोल नक्षी लाभते. परंतु तीच खोल नक्षी डांबरी सडकेवर नेली तर उंच दांते डगमगतात, तापतात आणि झपाट्यानें झिजतात. आपल्या भागांतील पुष्कळ ट्रॅक्टर गळिताच्या हंगामांत शेतापेक्षां सडकेवरच अधिक धांवतात. ऊस कारखान्यावर पोंचविणें हाच त्यांचा चार-पांच महिन्यांचा धंदा. अशांनीं आर-१ च घ्यावा, आणि त्यांतही ज्याचे दांते रुंद व मधला भाग भरीव असेल तो निवडावा. मुरमाड रानांत व जोंधळ्याच्या धसकटांत दांत्यांच्या उंचीपेक्षां कुशीची जाडी महत्त्वाची, कारण तेथें टायर झिजण्याआधीं फाटतो.

द्राक्षबागाइतदारांची गोष्ट निराळी. तासगांव-मिरजेकडील बागांतून लहान ट्रॅक्टर फवारणीसाठीं त्याच त्या ओळींतून हंगामांत कित्येक वेळां फिरतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला तरी फवारणी थांबवितां येत नाहीं. ओल्या जमिनीवरील प्रत्येक फेरी मुळांवरची माती दाबते. येथें ओळींच्या अंतरांत बसेल तितका रुंद टायर व त्यांत सोसेल तितकी कमी हवा, हाच नियम. उसाच्या भरणीस मात्र उलट. सरी अरुंद असेल तर रुंद टायर बुडखे तुडवितो, म्हणून तेथें अरुंद टायरच योग्य.

आडवा धागा कीं उभा?

आतां बाजारांत रेडियल टायर येऊं लागले आहेत. जुन्या पद्धतीच्या टायरांत धागे तिरपे, एकमेकांस छेदून घातलेले असतात. रेडियलमध्यें ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात. ही युक्ति फ्रान्समधील मिशलॅं कंपनीनें १९४६ सालीं नोंदविली. तिच्यामुळें कूस लवचिक होते, टायर जमिनीवर अधिक लांब पसरतो, घसरण व मातीवरील दाब कमी होतो. परंतु किंमत अधिक, आणि तीच लवचिक कूस दगड-धसकटानें लवकर जखमी होते. काळ्या सपाट रानांत वर्षभर नांगरट करणाऱ्यानें रेडियलचा विचार जरूर करावा. जतच्या माळावर धोंडे तुडविणाऱ्यास तिरप्या धाग्याचा टायरच स्वस्त पडेल.

घसरण मोजावी

पुष्कळदां दोष टायरचा नसतो, वजनाचा किंवा हवेचा असतो. नवे टायर घेण्यापूर्वीं एक साधी परीक्षा करावी. मागील चाकावर खडूनें खूण करून शेतांत अवजार उचललेल्या स्थितींत चाकाचे दहा फेरे होऊं द्यावे व अंतर मोजावें. मग नांगर लावून पुनः दहा फेरे मोजावे. समजा, पहिलें अंतर ४० मीटर व दुसरें ३५ मीटर भरलें. तर ४० मध्यें ५ तुटले, म्हणजे घसरण साडेबारा टक्के झाली. आठ ते पंधरा टक्के घसरण योग्य समजतात. ती वीस-पंचविसावर गेली तर दर चार-पांच फेऱ्यांत एक फेरा फुकट जातो, आणि त्याचें डिझेल आपल्याच खिशांतून जळतें. नक्षी शाबूत असूनही घसरण अधिक असेल तर प्रथम हवा पाहावी. मग लोखंडी वजनें लावावीं, किंवा मागील तिरप्या धाग्याच्या टायरांत वॉल्व्हच्या उंचीपर्यंत, सुमारें तीन-चतुर्थांश, पाणी भरावें. नांगरट संपून सडकेचा हंगाम लागला कीं तें पाणी काढून टाकावें, नाहींतर रोज दोन-तीनशें किलोंचें ओझें उगाच वाहावें लागतें.

ज्यांचा ट्रॅक्टर चारही चाकांनीं ओढणारा आहे त्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. पुढील व मागील चाकांच्या फेऱ्यांचें प्रमाण कारखान्यांत दांतेरी चक्रांनींच ठरविलेलें असतें. केवळ मागचे किंवा केवळ पुढचे टायर निराळ्या मापाचे घातले तर तें प्रमाण बिघडून चाकें एकमेकांशीं झगडतात, आणि अखेर तीं चक्रेंच तुटतात.

ट्रॉलीचे टायर

सर्वांत अधिक हयगय होते ती ट्रॉलीच्या टायरांची. ट्रॅक्टरला नवे टायर आणि उसानें भरलेल्या दोन ट्रॉल्यांना मालमोटारीचे टाकून दिलेले, दोनदां रबर चढविलेले टायर, असा देखावा गळिताच्या दिवसांत कोणत्याही सडकेवर दिसतो. नवें रबर चढविलेला टायर सर्वस्वीं वाईट नव्हे. आंतील सांगाडा निरोगी असेल तर तो चांगलें काम देतो. परंतु कुशीवर फुगवटी, उघडा धागा, किंवा आंतून लावलेलें मोठें ठिगळ दिसलें तर तो भरल्या ट्रॉलीस लावणें म्हणजे परक्याच्या जिवाशीं खेळणें होय. उतारावर एका बाजूचा टायर फुटला कीं ट्रॉली त्या बाजूस कलते आणि ऊस खालीं येतो. त्याखालीं सांपडतो तो बहुधा ऊसतोडणीचा मजूर किंवा मागून येणारा मोटारसायकलस्वार. त्याच्या घरच्या माणसांस टायरांत वांचविलेल्या दोन-चार हजारांचा हिशेब कोणी सांगावा?

बसवितांना

टायर जोडीनें बदलावे. एका बाजूस नवा व दुसऱ्या बाजूस झिजलेला असूं नये. नव्या टायरांत जुनी, ताणलेली ट्यूब घालूं नये. मागील चाकाच्या माथ्यावर नक्षीच्या बाणाचें टोक पुढें, चालण्याच्या दिशेस असावें. तें उलटें बसलें तर चिखल बाहेर न फेंकला जातां दांत्यांतच भरतो. कडा बसविण्यास साबणाचें पाणी वापरावें. ग्रीस किंवा डिझेल लावूं नये, त्यानें रबर नासतें. कड बसत नाहीं म्हणून हवा ३५ पौंडांवर नेऊं नये. हवा सोडून पुनः साबण लावावा. हवा भरतांना चाकासमोर उभें न राहतां बाजूस राहावें. टायर चढविलेला असतां रिमला वेल्डिंग तर कदापि करूं नये. हवा सोडलेली असली तरी आंतील वाफ पेटून टायर तोफेसारखा उडतो.

किंमत कशी पाहावी

किंमत दुकानांतल्या आंकड्यावर न पाहतां तासावर पाहावी. समजा, एक जोडी ४०,००० रुपयांस मिळून २,००० तास चालली, तर तासास २० रुपये पडले. दुसरी ४८,००० रुपयांस मिळून ३,००० तास चालली, तर तासास १६ रुपये. आठ हजार अधिक देणारा येथें नफ्यांत राहिला. मात्र हा हिशेब करण्यास टायर कोणत्या तारखेस व किती तासांवर बसविला याची नोंद पाहिजे. ती ट्रॅक्टरच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ठेवावी. पावती पक्कीच घ्यावी. ट्रॅक्टरच्या मागील टायरांवरील वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. तो लाभ आपणांस मिळाला कीं नाहीं हें पावतीवांचून समजत नाहीं, आणि टायरांत दोष निघाल्यास पावतीवांचून कोणी दाद देत नाहीं.

तात्पर्य, आपली जमीन कोणती, आपला ट्रॅक्टर वर्षांतून किती दिवस रानांत व किती दिवस सडकेवर असतो, हें कागदावर मांडून मगच दुकानाची पायरी चढावी. ज्यास हीं दोन उत्तरें ठाऊक आहेत त्यास दुकानदार फसवूं शकत नाहीं. आणि खर्चाला कात्री लावावयाचीच असेल तर ती नक्षीच्या शोभेस, कंपनीच्या नांवास लावावी. भरल्या ट्रॉलीखालच्या टायरास कधींही लावूं नये.